शैलीच्या साच्यातील रिकामी जागा

मराठी विकिपीडियावर एखाद्या गावाचा लेख उघडला की उजवीकडे एक चौकट दिसते, तिच्यात गावाचे नाव, तालुका, जिल्हा, लोकसंख्या अशा ओळी ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या असतात, आणि गाव मुळशी तालुक्यातले नांदे असो वा शेजारचे चांदे, चौकटीची ठेवण तीच राहते. ही चौकट प्रत्येक लेखात कोणी नव्याने आखत नाही. तिचा एक साचा वेगळ्या पानावर लिहून ठेवलेला असतो, त्या साच्यात जागोजाग तीन-तीन महिरपी कंसांत रिकाम्या जागा सोडलेल्या असतात, आणि लेख लिहिणारा जिल्हा, राज्य, लोकसंख्या अशा नावांपुढे बरोबरचे चिन्ह देऊन त्या जागा भरतो. बाहेरून भरल्या जाणाऱ्या या नाव दिलेल्या रिकाम्या जागेला पॅरामीटर म्हणतात, आणि अशा जागा असलेला मजकूर लिहिण्यासाठी जी छोटी भाषा वापरतात तिला साचाभाषा किंवा रूढ शब्दांत टेम्प्लेटिंग भाषा म्हणतात.

मजकुराला रिकामी जागा ठेवणे सोपे असते. तीच सोय रंगाला, रुंदीला आणि ओळींमधील अंतराला द्यायची म्हटले, की अडचणी सुरू होतात, आणि त्याचे कारण वेबपानांची शैली ज्या भाषेत लिहिली जाते तिच्या जन्मकथेत आहे. सीएसएस, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, ही कल्पना होकन व्हीउम ली या नॉर्वेजियन अभियंत्याने १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडली आणि तिची पहिली प्रमाण आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रसिद्ध झाली. तिचा उद्देश पानाचा आशय आणि त्याचे रूप यांची फारकत करणे हा होता. पानात फक्त ‘हे शीर्षक आहे’, ‘ही सूचना आहे’ एवढेच लिहावे, आणि शीर्षक किती मोठे, सूचना कोणत्या रंगाची, हे वेगळ्या शैलीपत्रकात सांगावे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे क्लास. पानातील घटकाला क्लासचे नाव चिकटवायचे आणि शैलीपत्रकात त्या नावाखाली महिरपी कंसात गुणधर्म व त्यांच्या किमती लिहायच्या, अशी ही व्यवस्था आहे.

मूळ रचनेत या क्लासला पॅरामीटर नव्हता. जुन्या छापखान्यातील खिळ्यांशी त्याची तुलना करता येईल. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे त्यांच्या वळणासाठी नावाजले गेले, पण ते वळण कितीही देखणे असले तरी एका आकारासाठी ओतलेला खिळा दुसऱ्या आकाराला चालत नसे, आणि प्रत्येक आकारासाठी खिळ्यांचा वेगळा संच ओतावा लागे. क्लासचेही तसेच होते. पन्नास टक्के रुंदीचा एक क्लास, साठ टक्क्यांचा दुसरा, सत्तरचा तिसरा, अशी यादी वाढत जाई आणि पुढे ती कोणी पुरती वाचतही नसे. २००६ मध्ये आलेल्या सास आणि २००९ मध्ये आलेल्या लेस या पूर्वसंस्कारक भाषांनी यावर मिक्सिन नावाचा उपाय काढला. मिक्सिन हा कंसात किंमत घेणारा शैलीचा तुकडा असतो, पण ती किंमत शैलीपत्रक तयार होतानाच भरली जाते, आणि पान वाचकाकडे जाते त्या वेळी सगळे खिळे आधीच ओतून झालेले असतात. ज्या गावाची करवसुली आज बहात्तर टक्के आणि उद्या त्र्याहत्तर टक्के होणार, त्या गावाच्या पानासाठी ही सोय अपुरी आहे.

विकिपीडियाने स्वतः निवडलेला मार्ग येथे विचारात घेण्याजोगा आहे. तेथील साच्यांमध्ये बराच काळ शैली थेट घटकाच्या अंगावर लिहिली जात असे आणि रंगाच्या किमतीच्या जागी पॅरामीटर ठेवला जात असे, त्यामुळे साचा लवचिक होई, पण तोच शैलीचा मजकूर पानात पुन्हा पुन्हा छापला जाई आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठी वेगळा नियम देण्याची सोय उरत नसे. २०१८ च्या सुमारास टेम्प्लेटस्टाइल्स ही व्यवस्था आली. तिच्यात साच्याची शैली वेगळ्या पानावर लिहिता येते, ती छाननी होऊनच लेखात उतरते, आणि एकाच लेखात तो साचा वीस वेळा वापरला तरी शैलीचा मजकूर एकदाच येतो, पुढच्या ठिकाणी फक्त त्याकडे बोट दाखवणारी खूण राहते. मात्र साच्याला दिलेला पॅरामीटर या शैलीपानाच्या आत पोचत नाही. छाननी आणि पुनरुक्ती टाळणे या दोन गोष्टी पदरात पाडून घेताना तिसरी, म्हणजे शैलीतील रिकामी जागा, सोडून द्यावी लागली. हा सौदा वावगा म्हणता येणार नाही, कारण कोणीही संपादन करू शकेल अशा जागी शैलीला बाहेरून किंमत देणे म्हणजे काय, हे पुढे येणारच आहे.

या तिन्ही गोष्टी एकत्र साधण्याचा एक प्रयत्न टेंपल या साचाभाषेत दिसतो. एड्रियन हेस्केथ यांनी सुरू केलेली ही मुक्तस्रोत भाषा गो या प्रोग्रामिंग भाषेच्या आधाराने चालते. टेंपलमध्ये लिहिलेल्या फाइलचे आधी गो भाषेत रूपांतर होते आणि मग नेहमीप्रमाणे संकलन, म्हणजे कंपायलेशन, होते, त्यामुळे साच्यातील बऱ्याच चुका पान उघडण्यापूर्वीच पकडल्या जातात. या भाषेत पानाच्या तुकड्याला कंपोनंट म्हणतात, आणि शैलीचाही स्वतंत्र कंपोनंट लिहिता येतो. आरंभी सीएसएस हा शब्द, मग कंपोनंटचे नाव, मग कंसात पॅरामीटर व त्याचा प्रकार, आणि शेवटी महिरपी कंसात नेहमीचे शैलीनियम, असे त्याचे रूप असते. नियमातील किमतीच्या जागी पुन्हा एक महिरपी कंस उघडला की त्यात गो भाषेतील कोणतेही पद लिहिता येते, म्हणजेच पॅरामीटरही वापरता येतो.

समजा, नांदे ग्रामपंचायतीसाठी घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या वसुलीचे पान करायचे आहे, आणि त्यात प्रत्येक करापुढे एक आडवी पट्टी हवी आहे, जी वसुलीच्या प्रमाणात भरलेली दिसेल. शैलीच्या कंपोनंटला ‘टक्का’ या अर्थाचा एक पूर्णांक पॅरामीटर दिला आणि रुंदीच्या किमतीत तो आकडा व त्यापुढे टक्क्याचे चिन्ह जोडले, की काम झाले. साच्यात घरपट्टीच्या पट्टीला ७२ आणि पाणीपट्टीच्या पट्टीला ५८ ही किंमत देऊन तोच कंपोनंट क्लासच्या जागी लिहायचा. पान तयार होताना टेंपल प्रत्येक किमतीसाठी नियमाचा मजकूर पूर्ण करते, त्या मजकुरावरून हॅश काढते, म्हणजे ठरलेल्या गणिताने मिळणारी अक्षरांची एक छोटी खूण, आणि ती खूण कंपोनंटच्या नावापुढे जोडून क्लासचे नाव बनवते. ७२ च्या पट्टीचे नाव वेगळे, ५८ च्या पट्टीचे वेगळे, आणि दोन पट्ट्यांची किंमत सारखी असेल तर नावही एकच. त्या नावाचा नियम पानात प्रथम लागेल त्याच्या लगेच आधी स्टाइल या टॅगमध्ये छापला जातो, आणि त्या एका पानापुरते ‘हे नाव छापून झाले’ अशी नोंद ठेवली जाते, म्हणून तो दुसऱ्यांदा येत नाही. विकिपीडियाच्या व्यवस्थेत गमावलेली रिकामी जागा अशा रीतीने परत मिळते, आणि मिक्सिनशी तुलना केली तर खिळा मागणी येईल तेव्हाच ओतला जातो.

येथे खुणेच्या लांबीचा प्रश्न किरकोळ वाटला तरी तसा नाही. खूण सोळांच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीतील चारच अंकांची ठेवली तर वेगवेगळ्या खुणा ६५,५३६ मिळतात, आणि ही संख्या पुष्कळ वाटते, पण ० ते १०० अशा १०१ किमतींपैकी कोणत्या तरी दोहोंची खूण एकच निघण्याची शक्यता सात टक्क्यांच्या वर जाते. तसे झाले तर दुसरा नियम ‘आधीच छापलेला’ समजून गाळला जाईल आणि एका कराची पट्टी दुसऱ्या कराच्या मापाची दिसेल, तीही कुठलीही त्रुटी न दाखवता. आठ अंकांची खूण घेतली की निवड ४२९ कोटींवर जाते आणि ही भीती व्यवहारात संपते.

तरीही जे बदलते ते सगळे पॅरामीटर करावे, असे म्हणता येत नाही. टक्केवारीसारख्या सतत सरकणाऱ्या किमतीसाठी प्रत्येक आकड्यामागे एक नवा क्लास जन्माला घालणे हा उधळेपणा आहे, कारण टेंपलचे शैलीनियम एका सामायिक शैलीपत्रकात काढून ब्राउझरने ते साठवून ठेवावे अशी सोय असली, तरी त्यासाठी कोणते नियम लागणार हे आधी सांगावे लागते, आणि १०१ किमती आधी सांगायच्या तर गाडी पुन्हा खिळ्यांच्या खोक्यांपाशीच येते. अशा किमतीसाठी सीएसएसचे स्वतःचे चल, ज्यांना कस्टम प्रॉपर्टी म्हणतात आणि ज्यांची नावे दोन आडव्या रेघांनी सुरू होतात, ते अधिक योग्य ठरतात. शैलीपत्रकात नियम एकच राहतो आणि घटकाच्या अंगावर फक्त चलाची किंमत लिहिली जाते. शैलीच्या कंपोनंटचा पॅरामीटर शोभतो तो मोजक्या, नावे देता येतील अशा पर्यायांसाठी: थकबाकी, अंशतः भरलेली, पूर्ण भरलेली अशा तीन अवस्था असाव्यात, प्रत्येकीचा रंग कंपोनंटच्या आत ठरलेला असावा, आणि बाहेरून येणाऱ्याने रंग न सांगता फक्त अवस्था सांगावी. रंगाचा सांकेतिक आकडा उघड्या पॅरामीटरमधून मागणारा कंपोनंट पाहिला, की त्याच्या कर्त्याने निर्णय पुढच्यावर ढकलला आहे असे खुशाल समजावे.

मोजक्या पर्यायांचा आग्रह धरण्यामागे सुरक्षिततेचेही कारण आहे. शैली ही निरुपद्रवी सजावट आहे, असा समज असतो, पण सीएसएसमध्ये पार्श्वभूमीचे चित्र दूरच्या पत्त्यावरून मागवता येते, आणि एखाद्या रकान्यातील मजकूर अमुक अक्षराने सुरू होत असेल तरच हे चित्र मागव, असा नियमही लिहिता येतो. बाहेरून आलेली किंमत न तपासता नियमात घातली, तर तिच्यात महिरपी कंस मिटवून पुढे असा दुसरा नियम जोडता येतो, आणि पानातील गुप्त मजकूर अक्षराअक्षराने बाहेर जाऊ शकतो. म्हणूनच गो भाषेचे स्वतःचे साचे किंमत कोणत्या संदर्भात बसणार आहे हे पाहून तिची छाननी करतात, आणि टेंपलही तेच करते. संशयास्पद किंमत आली तर तिच्या जागी एक निरर्थक दिसणारा इशारेवजा शब्द बसवला जातो, ज्याला ब्राउझरच्या लेखी काही अर्थ नसतो, आणि तो गुणधर्म लागूच होत नाही. प्रोग्रामरला एखाद्या किमतीची स्वतः हमी द्यायची असेल तर तिला ‘सुरक्षित सीएसएस’ असा वेगळा प्रकार द्यावा लागतो, म्हणजे जबाबदारी कोणाची हे लिखित राहते.

हा लागू न होणारा गुणधर्म मराठी पानांत एका निराळ्या वाटेनेही उगवतो. सीएसएसच्या व्याकरणात संख्या फक्त रोमन वळणाच्या शून्य ते नऊ या अंकांनीच लिहिता येते. देवनागरीतील ७२ हे, या लेखात ते जसे छापले आहे तसे, ब्राउझरच्या दृष्टीने संख्याच नव्हे. वसुलीचा आकडा मराठी नोंदीतून उचलला, पॅरामीटरचा प्रकार पूर्णांकाऐवजी नुसता मजकूर ठेवला आणि तो जसाच्या तसा रुंदीत गेला, तर छाननीत तो अडतो, आणि छाननी नसली तरी ब्राउझर ती ओळ सोडून देतो. मग रुंदीला काहीच किंमत उरत नाही, आणि रुंदी न सांगितलेला खंड स्वभावतः उपलब्ध जागा पूर्ण व्यापतो. परिणामी बहात्तर टक्के वसुली झालेल्या गावाची पट्टी शंभर टक्के भरलेली दिसते, आणि अशी चूक लवकर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण ती शुभवार्ता घेऊन येते. पॅरामीटर पूर्णांक ठेवला तर हे घडत नाही. मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारे गो भाषेतील नेहमीचे साधन देवनागरी अंक पाहून त्रुटी कळवते, आणि ते अंक आधी बदलून घ्यावे लागतील हे तेथेच समजते. पॅरामीटरला प्रकार असण्याचा हा फायदा इंग्रजी पुस्तकांतील उदाहरणांत सहसा दिसत नाही.

अंकांप्रमाणेच नावांचाही घोळ आहे. विकिपीडियाच्या साच्यात पॅरामीटरचे नाव मराठीत ठेवता येते आणि गावांच्या चौकटींत तसे असतेही. सीएसएसमध्येही क्लासचे किंवा चलाचे नाव देवनागरीत चालते, ‘रंग’ नावाचा चल त्यात बिनतक्रार लिहिता येतो. गो भाषेच्या नियमांनुसार मात्र नावात अक्षरे, अंक आणि खालची रेघ एवढेच येऊ शकते, आणि युनिकोडच्या वर्गीकरणात देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्त यांना स्वतंत्र अक्षर न मानता अक्षराला जोडणारी चिन्हे मानले आहे. त्यामुळे गो भाषेत आणि पर्यायाने टेंपलमध्ये ‘कर’ हे पॅरामीटरचे नाव चालते, ‘घर’ चालते, पण ‘रंग’, ‘रुंदी’, ‘पट्टी’ चालत नाहीत, आणि ‘नांदे’ तर मुळीच नाही. शिवाय त्या भाषेत दुसऱ्या पॅकेजला, म्हणजे प्रोग्रामच्या दुसऱ्या विभागाला, दिसावे असे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्यामुळे ‘कर’ हे नाव चालले तरी ते घरापुरतेच राहते. बाराखडीतली फक्त पहिली घरे वापरून प्रोग्राम लिहिण्याची कसरत कोणी करणार नाही, म्हणून नावे रोमनमध्येच ठेवली जातात. यात भाषाद्वेष शोधण्याचे कारण नाही, ‘अक्षर’ कशाला म्हणायचे याची व्याख्या युरोपीय लिप्या समोर ठेवून केल्याचा हा परिणाम आहे.

मराठी पानासाठी शैलीचे कंपोनंट लिहिताना कोणते पॅरामीटर असावेत, याचाही विचार म्हणून नव्याने करावा लागतो. इंग्रजीतून आलेल्या तयार संचांत रंग, आकार आणि कोपऱ्यांची गोलाई हे पॅरामीटर हमखास असतात, पण ओळीची उंची आणि अक्षरांतील अंतर या किमती आत पक्क्या केलेल्या असतात. रोमन लिपीला पुरणारी अक्षराच्या सव्वापट ओळ देवनागरीला अपुरी पडते, कारण शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार चढतात व खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय उतरतात, आणि चौकटीबाहेरचा भाग झाकण्याचा नियम असेल तर ‘मुळशी’चा उकार नाहीतर वेलांटीचा माथा कापला जातो. अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा गुणधर्म तर शिरोरेघच तोडतो, आणि शब्द सुट्या खिळ्यांसारखा विखरून दिसतो. म्हणून अशा कंपोनंटचा पहिला पॅरामीटर लिपी हा असावा, आणि ओळीची उंची व अंतर त्यावरून आतल्या आत ठरावे.

भाषेचे तसे नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण लेखनासाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे ठरवली आणि २०२२ मध्ये त्यांचा पुनरुच्चार केला. देवनागरीच्या काही युनिकोड फॉन्टांत ही मराठी रूपे हिंदी रूपांच्या जोडीने साठवलेली असतात, पण पानावर भाषा मराठी आहे असे सांगितले तरच ब्राउझर ती निवडतो, आणि ही घोषणा पानाचा आशय ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमधील भाषेच्या गुणधर्मात करायची असते. ‘लवळे’ आणि ‘मुळशी’ यांतील ल आणि श योग्य वळणाचे दिसायचे असतील, तर शैलीच्या कंपोनंटला भाषा हा पॅरामीटर देऊन भागत नाही, तो पानाच्या साच्यालाच द्यावा लागतो, आणि तेथून शैलीकडे उतरवावा लागतो.

रुंदीचा पॅरामीटरही तितकाच जपून ठेवावा लागतो. गावांच्या यादीत प्रत्येक नावाला ठरावीक मापाची पाटी द्यायची आणि नाव न मावल्यास शेवटी तीन टिंबे दाखवायची, ही पद्धत सर्रास दिसते. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात नांदे आहे, हवेलीत सिंहगड रस्त्यालगत नांदेड आहे, आणि त्याच बाजूला नांदोशीही आहे. नांदे हे नाव बसेल एवढीच रुंदी पाटीला दिली, तर टिंबांनाही जागा लागत असल्यामुळे नांदेड आणि नांदोशी या दोन्ही नावांचा शेवट टिंबांखाली जातो आणि यादीत त्यांच्या पाट्या एकसारख्या दिसू लागतात. अशा यादीसाठी रुंदी हा पॅरामीटर मुळात ठेवूच नये, पाटीने नावाच्या मापाने वाढावे, आणि बाहेरून सांगायचेच असेल तर नावाखाली बारीक अक्षरात तालुका छापायचा की नाही, एवढेच सांगता यावे.